माणा खिंडीतील हिम आणि फादर आंतोनियो द आंद्रादे

हिवाळ्याची चाहूल लागली की आपल्या भागातील तरुणाईला डोंगर खुणावू लागतात. जासई, उरण, पनवेल ह्या परिसरातील युवक-युवती सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून कर्नाळ्याच्या सुळक्याकडे निघतात, कोणी राजगड-रायगड करतात. सह्याद्रीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा भटकंतीचा सुकाळ. पावसाने निसरडे झालेले कातळ सुकलेले असतात, आकाश निरभ्र असते आणि थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढून घेण्याची एक शाल. हाच अनुभव गाठीशी बांधून अलीकडे आपले अनेक तरुण डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातील केदारकंठ्यावर किंवा लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीच्या ‘चादरी’वर जाऊ लागले आहेत. त्यांच्या उत्साहाचे आम्हाला कौतुक आहे. परंतु सह्याद्रीचा हिवाळा आणि हिमालयाचा हिवाळा ह्यांत केवळ नावाचे साम्य आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बदरीनाथजवळच्या माणा गावाशेजारी रस्ता दुरुस्तीच्या कामगारांच्या तळावर हिमकडा कोसळला. ५४ कामगार बर्फाखाली सापडले. लष्कर व अन्य बचाव पथकांनी ४६ जणांना जिवंत बाहेर काढले; आठ जणांना प्राण गमवावे लागले. वर्तमानपत्रांतून ‘माणा’ हे नाव वाचताना आम्हाला सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या एका धर्मगुरूचे स्मरण झाले. गोव्यात घडलेला, गोव्यातच देह ठेवलेला हा येशूसंघीय धर्मगुरू ह्याच माणा गावातून बर्फात शिरला आणि मृत्यूच्या दारातून परत आला. त्यांचे नाव फादर आंतोनियो द आंद्रादे. हिमालय ओलांडून तिबेटात पोहोचलेला पहिला युरोपीय म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. त्यांच्या जीवनाकडे आज आपण ह्याच अंगाने पाहू या.

पोर्तुगालहून गोव्याला

फादर आंद्रादे ह्यांचा जन्म १५८० साली पोर्तुगालमधील ओलेइरोश ह्या गावी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, १५९६ साली, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. चार वर्षांनी, १६०० साली, ते जहाजाने गोव्यास आले. उर्वरित शिक्षण त्यांनी गोव्यातच पूर्ण केले आणि तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे साष्टी प्रांतात त्यांनी सेवा केली. हा तोच साष्टी प्रांत आणि साधारण तोच काळ, जेव्हा फादर थॉमस स्टीफन्स तेथील लोकांच्या भाषेत ख्रिस्तपुराण रचीत होते. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. लोकांची भाषा शिकावी, त्यांचे आचारविचार समजून घ्यावेत, हा वारसा त्या पिढीच्या मिशनऱ्यांना गोव्याच्या मातीत लाभला. फादर आंद्रादेंना तो पुढे फार उपयोगी पडला.

मोगल दरबाराशी येशूसंघीयांचा संबंध १५८० साली अकबराच्या निमंत्रणाने जुळला होता. जहांगिराच्या काळात ह्या मिशनचे मुख्य ठाणे आग्रा येथे होते आणि १६२१च्या सुमारास त्याची धुरा फादर आंद्रादे ह्यांच्याकडे आली. हिमालयाच्या पलीकडे जुन्या ख्रिस्ती लोकांच्या वस्त्या असाव्यात, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. तिचा शोध घेण्यासाठी बंधू बेंतो द गोइश १६०२ साली आग्र्याहून निघाले. काबूल आणि यारकंदमार्गे प्रवास करीत ते चीनच्या वायव्य सीमेवरील सुचौ येथे पोहोचले व १६०७ साली तेथेच निवर्तले. ते गेले ती वाट पामीरच्या पठारावरून, लांबच्या वळशाने जाणारी होती. हिमालय सरळ ओलांडण्याचे काम बाकी होते.

यात्रेकरूंच्या मेळ्यात

३० मार्च १६२४ रोजी फादर आंद्रादे आणि बंधू मानुएल मार्केस आग्र्याहून निघाले. सोबत दोन ख्रिस्ती सेवक होते. दिल्लीत त्यांना बदरीनाथला जाणारा हिंदू यात्रेकरूंचा एक मेळा भेटला. दोघांनी यात्रेकरूंचा वेश चढविला आणि ते त्या मेळ्यात सामील झाले. हरद्वार मागे टाकून ते गढवालच्या राजधानीत, श्रीनगरला आले. तेथे राजाच्या अधिकाऱ्यांना त्यांचा संशय आला. हे व्यापारी नाहीत, यात्रेकरू दिसत नाहीत, मग कोण? कसून चौकशी झाली, काही दिवस अडकवून ठेवले आणि मग पुढे जाऊ दिले.

श्रीनगरच्या पुढे अलकनंदेच्या काठाने वाट चढू लागली. काही ठिकाणी पायवाट इतकी अरुंद, की एका वेळी एकच पाऊल ठेवता यावे. काही ठिकाणी नदीवर दोरांचे झुलते पूल होते. काही ठिकाणी तर नदीवर बर्फाचीच कमान झालेली असे. वरून माणसे चालत आणि खालून पाण्याचा लोट घोंगावत जाई. समुद्रकाठच्या गोव्यात वीस वर्षांहून अधिक काळ काढलेल्या धर्मगुरूने हे सारे आपल्या पत्रात बारकाईने नोंदवून ठेवले आहे. बदरीनाथ येथे त्यांनी मंदिर पाहिले, उष्ण पाण्याची कुंडे पाहिली आणि यात्रेकरूंचा भक्तिभावही पाहिला. त्यापुढचे वस्तीचे शेवटचे गाव म्हणजे माणा. बदरीनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे आणि माणा त्याहून थोडे वर. तिबेटात उतरणारी माणा खिंड मात्र सुमारे ५,६०० मीटर उंचीवर आहे.

माणाच्या लोकांचा नियम साधा होता. बर्फ वितळून खिंड उघडेपर्यंत थांबावयाचे, मग तिबेटशी व्यापार करावयास निघावयाचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला तो नियम होता. फादर आंद्रादेही आरंभी थांबले. परंतु त्यांना पुढे जाऊ देऊ नये, असा गढवालच्या राजाचा हुकूम येत असल्याचे त्यांना कळले. आणखी थांबलो तर वाट कायमची बंद होईल ह्या भीतीने त्यांनी निर्णय घेतला. बंधू मार्केस ह्यांना माणात ठेवून, दोन सेवक व गावातील एक वाटाड्या एवढ्यांसह ते पहाटेच्या अंधारात गुपचूप निघाले.

खिंडीतील ते दिवस

मैदानात तेव्हा भर उन्हाळा होता. त्या उंचीवर हिवाळा अजून सरला नव्हता. येथे थोडा हिशेब मांडू या. दर हजार मीटर चढाला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. जासई जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. म्हणजे केवळ उंचीच्या फरकामुळे माणा खिंड आपल्या अंगणापेक्षा सुमारे ३६ अंशांनी थंड ठरते. त्यात वारा आणि ओले कपडे ह्यांची भर पडली की शरीरातील ऊब किती वेगाने निघून जाते, ह्याची कल्पना आपल्याला येथे बसून येत नाही.

तिसऱ्या दिवशी मागून माणाची माणसे धावत आली. वाटाड्याने परत फिरावे, नाहीतर त्याच्या बायकामुलांना धरून नेले जाईल आणि घरदार जप्त होईल, असा निरोप होता. तो बिचारा परत फिरला. फादर आंद्रादे आणि दोन्ही सेवक मात्र पुढे गेले. वाट जाणणारा माणूस आता सोबत नव्हता.

बर्फ कधी गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत, तर कधी छातीपर्यंत येई. काही ठिकाणी उभे राहून चालणे अशक्य झाले, तेव्हा पोहणाऱ्यासारखे आडवे होऊन त्यांनी वाट काढली. रात्री एक कांबळे बर्फावर अंथरून उरलेली दोन वर ओढून तिघे एकत्र निजत. हिमवर्षाव इतका दाट असे की शेजारचा माणूस दिसेनासा होई. आपण जिवंत पुरले जाऊ नये म्हणून त्यांना मध्येच उठून अंगावरचे बर्फ झटकावे लागे. सरपण कोठेच नव्हते. त्यामुळे शिजविणे नाही, पाणी तापविणे नाही. भाजलेल्या सातूचे पीठ बर्फाच्या पाण्यात कालवून घ्यावयाचे, एवढेच अन्न. आणि तेही घशाखाली उतरेना, कारण भूकच मेली होती.

हातपाय बधिर झाले. फादर आंद्रादे ह्यांचा हात कशावर तरी आपटला आणि बोटाचा तुकडा तुटून पडला. वेदना शून्य. जखमेतून रक्त वाहताना दिसले, तेव्हाच त्यांचा विश्वास बसला. पाय सुजले आणि असे निर्जीव झाले की तापलेले लोखंड टेकविले तरी कळू नये. अशा स्थितीत ते खिंडीच्या माथ्यावर पोहोचले. समोर तिबेटचे पठार पसरलेले होते, परंतु त्यांना दिसला तो केवळ पांढरा झगमगाट. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे गेले होते. वाट कोठे, दरी कोठे, काही उमगेना. त्यानंतर पंचवीसहून अधिक दिवस त्यांना आपल्या प्रार्थनाग्रंथातील एक अक्षरही ओळखता आले नाही. ज्या धर्मगुरूने दररोजची विहित प्रार्थना कधी चुकविली नसेल, त्याला ह्याचे किती दुःख झाले असेल!

तेथून ते मागे फिरले. ज्या ध्येयासाठी त्यांनी सारे पणाला लावले होते, ते डोळ्यांसमोर होते. पुढे उतार होता, मागे चालून आलेली सारी खडतर वाट होती. तरीही डोळे गेलेले असताना आणि सोबतचे दोघे थकून गेलेले असताना पुढे पाऊल टाकणे म्हणजे तिघांचा मृत्यू, हे त्यांनी ओळखले. परतीच्या वाटेवर अन्नसामग्री घेऊन बंधू मार्केस त्यांना येऊन मिळाले. मग खाली बर्फ कमी असलेल्या जागी त्यांनी सुमारे महिनाभर मुक्काम केला, डोळे व पाय बरे होऊ दिले आणि खिंड उघडल्यावर पुन्हा चढाई केली. ऑगस्ट १६२४ मध्ये ते सतलजच्या खोऱ्यातील गुगे राज्याच्या राजधानीत, त्सापारांग येथे सुखरूप पोहोचले. माणाच्या लोकांचा जुना नियमच शेवटी खरा ठरला.

त्यांनी सोसले ते आजच्या भाषेत

उंचावर धडधाकट माणसे अचानक अस्वस्थ होतात आणि घटकाभरात मरतात, असे माणाचे लोक सांगत. जमिनीतून निघणाऱ्या विषारी वाफांमुळे हे घडते, अशी त्यांची समजूत होती. फादर आंद्रादे ह्यांना ते पटले नाही. कडाक्याची थंडी आणि गरम अन्नाचा अभाव हे कारण त्यांना दिसले. वातावरणाचा दाब मोजणारे टॉरिचेल्लीचे यंत्र १६४३ साली आले. त्यामुळे विरळ हवेचे खरे कारण १६२४ साली कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. आज आपण जाणतो की साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे आणि भूक मरणे ही पहिली लक्षणे. ती अंगावर काढून वर चढत राहिले की फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागते आणि मग त्याच दिवशी खाली उतरविणे हाच मुख्य उपाय उरतो. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते.

बोट तुटूनही न कळणे हा हिमदंश. थंडीत शरीर आपले रक्त हृदय व मेंदूकडे वळविते. बोटे, नाक, कान ह्यांचा पुरवठा तुटतो आणि तेथील पेशी गोठतात. दुखणे थांबले म्हणजे बरे वाटू लागले, असा समज येथे घातक ठरतो. गोठलेला भाग चोळू नये, त्यावर बर्फ घासू नये, शेकोटीवर धरू नये. बधिर कातडीला भाजलेलेही समजत नाही. सुरक्षित जागी पोहोचल्यावर, तो भाग पुन्हा गोठणार नाही ह्याची खात्री असेल तरच, कोमट पाण्यात तो ऊबेला आणावा.

डोळे जाणे हे हिमांधत्व. ताजे बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवून लावते आणि डोळ्याचे पारपटल उन्हात कातडी भाजावी तसे भाजते. ढगाळ दिवशीही हे घडते. साधा बाजारातला रंगीत चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला योग्य चष्माच लागतो.

आणि सर्वांत फसवा शत्रू म्हणजे शरीराचे तापमान उतरणे. ते ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की माणूस प्रथम थरथरतो, मग अडखळतो, मग त्याची विचारशक्ती मंदावते. आपण संकटात आहोत हेच त्याला कळत नाही. थरथर थांबली की सोबत्यांनी अधिक सावध व्हावे. घामाने भिजलेला सुती सदरा येथे जिवावर उठतो, हे सह्याद्रीत वावरलेल्या आपल्या तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे.

तिबेटचे मिशन आणि अखेर

गुगेच्या राजाने फादर आंद्रादे ह्यांचे प्रेमाने स्वागत केले. पुढील वर्षी परत येण्याचे वचन घेऊनच त्याने त्यांना निरोप दिला. नोव्हेंबरमध्ये आग्र्याला पोहोचताच, ८ नोव्हेंबर १६२४ रोजी, त्यांनी प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते १६२६ साली लिस्बन येथे छापले गेले आणि लवकरच युरोपातील अनेक भाषांत उतरले. दिलेले वचन त्यांनी पाळले. ह्या वेळी फादर गोन्सालो द सोझा व बंधू मार्केस ह्यांच्यासह ते जूनच्या मध्यास आग्र्याहून निघाले आणि २८ ऑगस्ट १६२५ रोजी त्सापारांगला पोहोचले. निघण्याची वेळ पाहावी. मागच्या वर्षी ते मार्चअखेर निघाले होते. खिंडीने दिलेला धडा त्यांनी नीट गिरविला होता. १२ एप्रिल १६२६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, तेथे मंदिराची पायाभरणी झाली व आशेच्या मातेचे नाव त्याला देण्यात आले.

फादर आंद्रादे पुढे येशूसंघाच्या गोवा प्रांताचे प्रमुख म्हणून परत बोलाविले गेले. ते गेल्यावर १६३० साली गुगेत बंड झाले. राजाने परकीय धर्मगुरूंवर केलेल्या मर्जीमुळे लामा दुखावलेले होते. त्या असंतोषाला लडाखच्या राजाचे बळ मिळाले आणि गुगेचे राज्य बुडाले. मिशन काही वर्षे तग धरून होते, नंतर बंद पडले. राजाश्रयावर उभारलेले कार्य राजाबरोबर कोसळते, हा इतिहासाचा कटू धडा येथेही खरा ठरला. मार्च १६३४ मध्ये गोवा येथे फादर आंद्रादे ह्यांचे विषप्रयोगाने निधन झाले. हिमालयाने ज्यांना सोडले, त्यांचा घात माणसाच्या हातून झाला.

बंधू मार्केस ह्यांची कहाणी अधिक हृदयद्रावक आहे. १६४० साली तिबेट मिशन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात ते खिंडीपलीकडे गेले आणि कैद झाले. सुटकेची याचना करणारे त्यांचे पत्र १६४१ साली आग्र्यास पोहोचले. त्यानंतर त्यांचा आवाज इतिहासात पुन्हा ऐकू येत नाही.

आपल्यासाठी

फादर आंद्रादे ह्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु एखाद्या थोर माणसाचा आदर करताना त्याच्या प्रत्येक पावलाचे समर्थन करण्याची गरज नसते. ते वेळेआधी निघाले. त्यांच्या निर्णयाची किंमत वाटाड्याच्या बायकामुलांना चुकवावी लागली असती. ज्या दोन सेवकांनी त्यांच्याबरोबर तीच थंडी सोसली, तेच उपाशीपोटी चालले, त्यांचेही जीव पणाला लागले होते. डोंगरात कोणीही एकटा धोका पत्करीत नाही. त्याच्यामागे घरी वाट पाहणारे आईवडील असतात, त्याला शोधावयास निघणारे जवान असतात, त्याचे ओझे वाहणारा हमाल असतो. जीवन हे परमेश्वराचे दान आहे, असे आपण मानतो. मग सोबत्याच्या जीवनाबाबत तर आपण दुप्पट जबाबदार ठरतो.

म्हणून हिवाळी मोहिमेवर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका आणि तो थांबा म्हणाला तर थांबा. हवामान खात्याचा आणि हिमस्खलनाचा इशारा निघण्यापूर्वी पाहा. परवाने घ्या, आपला मार्ग व परतीचा दिवस घरी लिहून ठेवा. वैद्यकीय तपासणीचा कागद केवळ उपचार म्हणून भरू नका. गटातील एकालाही त्रास होऊ लागला तर त्याला एकटे मागे सोडू नका. सर्वांनी मिळून खाली उतरा. शिखरासाठी भरलेले पैसे आणि काढलेली रजा वाया जाईल, हा विचार त्या क्षणी मनात येतो. तो झटकून टाका.

स्वतः निष्णात गिर्यारोहक असलेल्या पोप अकरावे पायस ह्यांनी १९२३ साली संत बर्नार्ड ह्यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आल्प्स पर्वतातील बर्फाच्छादित खिंडीत वाटसरूंसाठी निवारा उभारणारे हे संत. शिखर सर करण्यासाठी त्यांचे नाव झालेले नाही, वाट चुकलेल्यांना आसरा दिल्यामुळे झाले आहे. ह्या हिवाळ्यात डोंगराकडे निघालेल्या आपल्या सर्व तरुणांना त्यांच्या मध्यस्थीने सुखरूप घरी आणावे, आणि माणा येथे बर्फाखाली प्राण गमावलेल्या कामगारांच्या कुटुंबीयांना धीर द्यावा, अशी प्रभूचरणी प्रार्थना.